नर टोळाची प्रजननक्षमता आणि संप्रेरके

मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांत उतरलेल्या टोळांचा रंग गुलाबी होता. वाळवंटी टोळाचा हा रंग अपक्वतेची खूण होय. असा टोळ पंखांनी पूर्ण वाढलेला असतो, पिकाचा फडशा पाडतो; मात्र समागम करीत नाही. पक्व होताना थव्यातील नर पिवळाधमक होतो. म्हणून टोळधाडीच्या वेळी रंगाची नोंद महत्त्वाची ठरते, कारण पिवळ्या थव्यामागोमाग अंडी येतात.

हा बदल कोण घडवितो? पृष्ठवंशीय प्राण्यांवरून विचार करणारा विद्यार्थी वृषणाकडे बोट दाखवील. लायलपूर येथील मोहम्मद अफझल हुसेन व के. डी. बवेजा यांनी हा प्रश्न प्रयोगाने तपासला. १९३६ साली त्यांनी दाखवून दिले की, जननग्रंथी काढून टाकल्या तरी टोळ पिवळा होतो व समागमही करतो. हुसेन यांचे हे कार्य आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते, ही खेदाची बाब आहे.

उत्तर मेंदूमागील ‘कॉर्पोरा अलाटा’ या इवल्याशा ग्रंथींत मिळाले. १९६० मध्ये लोहर यांनी त्या काढल्या असता नर पिवळे झाले नाहीत आणि मादीकडे वळलेही नाहीत. ग्रंथींचे पुन्हा रोपण करताच दोन्ही गुण परतले. या ग्रंथींतून बाल संप्रेरक स्रवते. पिल्लावस्थेत तेच प्रौढत्व रोखून धरते आणि प्रौढ नरात तेच कामप्रवृत्ती जागवते! शिवाय पक्व नराच्या अंगावरील गंधद्रव्यांमुळे सोबतचे टोळही लवकर पक्व होतात. त्यामुळे थवा जवळजवळ एकाच वेळी प्रजननास सिद्ध होतो.

रोपे कुरतडणाऱ्या काळ्या अळीच्या पतंगात हेच संप्रेरक वेगळ्या मार्गाने काम करते. नवजात नराला मादीचा गंध येतो, पण मेंदूतील गंधकेंद्र त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. काही दिवसांत संप्रेरक वाढते व नर गंधामागे धावू लागतो. कामगंध सापळ्यातील नरांची संख्या वाचताना हे ध्यानात ठेवावे.

परंतु हा नियम सर्व कीटकांना लावणे चुकीचे ठरेल. कोसाडसारख्या ठिकाणी वर्गात टोळ दाखविणे कठीण, रातकिडा सहज मिळतो. आणि नर रातकिड्याचे प्रणयगान वृषण वा कॉर्पोरा अलाटा काढल्यावरही चालूच राहते. तेथे सूत्रे मुख्यतः मज्जासंस्थेच्या हाती असतात.