विद्वान् वानर

माझ्या नातवाच्या हातीं परवां एक अमेरिकन चित्रपुस्तक पाहिलें. मुखपृष्ठावर निळ्या केसांनीं अंग झांकलेला, पंजांना नखें असलेला एक प्राणी. डोळ्यांवर चष्मा, हातांत परीक्षानळी. "हा राक्षस कोण?" असें मीं विचारलें. "आजोबा, हा राक्षस नव्हे, शास्त्रज्ञ आहे," असें उत्तर मिळालें.

त्याचें नांव हेन्री मॅकॉय. टोपणनांव ‘बीस्ट’, म्हणजे श्वापद. स्टॅन ली व जॅक कर्बी यांनीं १९६३ सालीं ‘एक्स-मेन’ या चित्रकथामालेंत त्याला जन्म दिला. प्रथम त्याचे हातपायच तेवढे अवाढव्य होते. १९७२ सालच्या कथेंत प्रयोगशाळेंत सिद्ध केलेलें द्रव्य त्यानें स्वतःच प्राशन केलें, परिणाम उतरविण्याची वेळ टळली, आणि सर्वांगावर केस आले ते राहिलेच. बुद्धि मात्र तसूभरहि ढळली नाहीं.

मुलांना याचें नवल वाटतें. आपणांस वाटूं नये. ज्याच्या पूजनावांचून आपण विद्यारंभ करीत नाहीं, त्या गजाननाचें मुख कोणाचें? आणि मारुति! समर्थांनीं सतराव्या शतकांत अकरा मारुति स्थापिले; तालमींत तर तो हवाच. पण आपण त्याचें बळ तेवढें पूजिलें, विद्या विसरलों. वाल्मीकींच्या किष्किंधाकांडांत सुग्रीव त्याला रामाकडे पाठवितो, तेव्हां तो वानररूप टाकून भिक्षूच्या वेषानें जातो. (त्यालाहि आपल्या रूपाची धास्ती वाटली असावी, असें मला राहून राहून वाटतें.) त्याचें भाषण ऐकून राम लक्ष्मणास सांगतो कीं, वेद पढल्यावांचून असें बोलतां येणार नाहीं, यानें व्याकरण पुष्कळदां अभ्यासिलें असावें, कारण इतक्या भाषणांत एकहि अपशब्द नाहीं. उच्चार घाईचा नाहीं, रेंगाळलेलाहि नाहीं. मग मूळ रूप धारण करून तोच त्या दोघां भावांना पाठीवर वाहून नेतो.

ही गोष्ट मला फार उशिरां उमगली. गोंदियाकडील एका खेड्यांत मी शिक्षक असतांना स्नेहसंमेलनाचें नाटक बसवीत होतों. एका विद्यार्थ्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर जन्मापासून केसाळ काळा डाग होता. गणितांत तो वर्गांत पहिला. त्याला मीं मारुति केलें. बोलावयाचें एक वाक्यहि दिलें नाहीं. "रंग कमी लागेल," असें सर्वांदेखत म्हणालोंहि. मुलें हसलीं. सराव संपल्यावर तो मागें थांबला.

"गुरुजी, मारुतीला बोलतां येत नव्हतं का?"

त्या रात्रीं मीं किष्किंधाकांड उघडलें. संमेलनास आठ दिवस उरले होते. मारुतीचें भाषण मीं नव्यानें लिहून काढलें. त्याचें तें दोन दिवसांत पाठ झालें.