मेळघाटात चूल नको

परतवाडा सोडून गाडी सेमाडोहच्या घाटाला लागली, की मुलं विचारतात, "तंबू कुठं ठोकायचा?" कुठंच नाही! १९७३-७४च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतलं हे रान. मुक्काम सेमाडोह किंवा कोलकासच्या वनविश्रामगृहातच.

कारण सागाचं आहे. उन्हाळ्यात साग पानं झाडतो; ती पापडासारखी वाळतात. एक ठिणगी पुरे, वणवा डोंगर चढतो. त्याच दिवसांत नाले आटतात, सिपना नदीच्या डोहांत तेवढं पाणी उरतं. गवा, सांबर, अस्वल तिथंच उतरतात. काठावर आपली चूल पेटली, तर ती तहानलेलीच परततात. वाघाचं म्हणाल, तर आम्हाला फक्त पाऊलठसा दिसला.

तेव्हा भाकरी-ठेचा घरूनच बांधून न्या. अकोलेकरांनी अकोटमार्गे शहानूर गाठावं. नरनाळा किल्ला तिथं माथ्यावरच आहे.