पेटीमागचे टेंबे

नंदुरबार-शहाद्याकडे पियानो शोधायला निघालात तर बहुधा हात हलवत परत याल. इकडे पट्ट्यांचं वाद्य म्हणजे पेटी, आणि तिचा मान भजनापुरता. बैठकीतही तिचं काम एवढंच समजलं जाई, की गवयाने जागा घेतली की ती मागून बोटांनी झेलायची. गोविंदराव टेंब्यांनी (1881–1955) तिला पुढे आणलं, तिचं स्वतंत्र वादन रसिकांना ऐकायला लावलं.

त्यांचं शिक्षण मात्र मागे बसूनच झालं. गवई भास्करबुवा बखल्यांची साथ करता करता कोल्हापूरच्या या वकिलाने गाणं उचललं. अल्लादियाखाँसाहेबांची गायकीही बरीचशी कानांनीच. गंडा बांधून घेतलेल्या तालमीपेक्षा ही साथीतली तालीम मला कडक वाटते. गवई पुढे कुठे वळणार हे आधी हेरावं लागतं. चुकलं तर साऱ्या बैठकीला कळतं.

किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमान’ नाटकाला चाली द्यायचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांनी पूरबी ठुमरी-कजरीच्या चाली पुढे केल्या. नाटककार खाडिलकर पदं रचत होते ती या चालींच्या मापाने! मग त्याच चाली नटांच्या गळ्यात बसवायच्या: नायिका भामिनी म्हणजे बालगंधर्व, नायक धैर्यधर म्हणजे नानासाहेब जोगळेकर. 12 मार्च 1911 ला पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. याचं आजवर फार कौतुक झालंय. माझ्या अंगावर काटा येतो, पण तो कौतुकाचा नव्हे.

1913 मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांबरोबर टेंबे गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. भागीदारी फार टिकली नाही.

गंमत खरी 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ चित्रपटाची. संगीत टेंब्यांचं आणि राजा हरिश्चंद्रही टेंबेच! पार्श्वगायन अजून आलेलं नव्हतं. नटाने कॅमेऱ्यासमोर गायचं, वाजवणाऱ्यांनी चौकटीबाहेर दडून साथ करायची. चित्रपट मराठी-हिंदी दोन्हींत, म्हणजे सारं दोनदा. साथीला बसून शिकलेला माणूस पन्नाशीत चौकटीच्या आत आला आणि साथीदार बाहेर गेले.

पुढे टेंब्यांनी ‘माझा संगीत व्यासंग’, ‘माझा जीवनविहार’ ही पुस्तकं लिहिली, अल्लादियाखाँचं चरित्रही. तिकडे आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीलाच दार बंद केलं: बारा ठरावीक स्वर, मींड नाही, हा आक्षेप. आक्षेप खोटा नव्हता. पण त्याच पेटीवर बोटं ठेवून एक माणूस दोन बुजुर्गांची गायकी शिकला होता, हे त्या हुकुमात कुठे बसणार?