जुन्या गाडीचे दिवे : अंदाज नको, तपासणी हवी

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या धावू लागतात. या गर्दीतून जाणाऱ्या जुन्या गाडीचा एक दिवा बंद आणि दुसरा मिणमिणता असेल, तर जीवावरचा प्रसंग यायला वेळ लागत नाही. म्हणूनच या भागात गाड्यांची वायरिंग करणाऱ्या कारागिराच्या हाती पैशाबरोबर माणसांची जबाबदारीही असते.

अ‍ॅम्बेसेडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ साली थांबले. पद्मिनी तर त्याच्या कितीतरी आधी बंद झाली. तरीही हौसेने किंवा गरजेपोटी या गाड्या सांभाळणारे लोक गावोगावी आहेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्या वेळच्या तपासणीत दिवे पाहिले जातात. त्यामुळे हे काम नीट येणाऱ्याला गिऱ्हाइकाची वाण पडत नाही.

पण होते काय? दिवा मंद दिसला की बल्ब बदलायचा, तरी भागले नाही की स्विच, मग बॅटरी. गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा होतो आणि दोष जागच्या जागी राहतो. असे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, शिवाय चार जणांना सांगते.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करावी. गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीवर मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. यापेक्षा कमी असल्यास पट्टा, अल्टरनेटर व टर्मिनल पाहावेत. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला असे समजावे. वारंवार बल्ब उडण्याचे हे एक मोठे कारण आहे. डायनॅमोच्या गाडीत मात्र इंजिन मंद चालत असताना दिवे थोडे उतरणारच, तो दोष नव्हे.

यानंतर दिवे चालू ठेवून मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी हेडलाइटच्या होल्डरमधील चालू टोकाला लावावी. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत गळतात. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गळती असेल तर दोष फ्यूज, स्विच, डिपर किंवा जोडात आहे. ही गळती क्षुल्लक समजू नये. बल्बला १० टक्के व्होल्ट कमी मिळाले की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो.

तसेच होल्डरच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजावे. इथे ०.२ व्होल्टच्या वर आकडा आला तर बॉडी अर्थ खराब आहे. आपल्याकडचा पाऊस पाहता जुन्या गाडीत हाच दोष वरचेवर सापडतो. ब्रेक दाबला की मागचा दिवा मंद होणे किंवा इंडिकेटरबरोबर पार्किंगचा दिवा लुकलुकणे, ही त्याचीच लक्षणे होत. अर्थचा बोल्ट खोलून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासावा, घट्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. एकाच बाजूच्या इंडिकेटरचा ताल बिघडला, तर फ्लॅशर बदलण्याआधी त्या बाजूचे बल्ब व त्यांचा अर्थ पाहावा.

ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांचा अर्थ पुष्कळदा नुसत्या हुकाच्या पिनेवरून घेतलेला असतो. पीन गंजली की दिवे गेले. प्लगमधून अर्थची स्वतंत्र वायर ओढावी. खर्च नगण्य, पण मागून येणाऱ्याचा जीव वाचतो.

जास्त उजेडासाठी १०० वॅटचे बल्ब मागणारे गिऱ्हाईक येतेच. ४५ वॅटचे दोन बल्ब मिळून साडेसात अँपिअर घेतात, तर १०० वॅटचे दोन जवळजवळ १७. जुना स्विच आणि जुनी वायर एवढा भार सोसत नाहीत. होल्डर वितळतो, प्रसंगी आगही लागते. त्याऐवजी योग्य फ्यूजसह रिले बसवून बॅटरीपासून जाड वायर द्यावी. मूळच्या बल्बचाच उजेड वाढलेला दिसेल. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी तर कदापि घालू नये. जुन्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला की उजेड फाकतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

शेवटी धंद्याची गोष्ट. मीटरचे आकडे कामाच्या आधी व नंतर चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाला द्यावेत, बदललेला भाग त्याच्या हाती ठेवावा आणि तपासणीची मजुरी वेगळी सांगावी. अर्थचा बोल्ट घासून दोष गेला, तर सामान विकले गेले नाही म्हणून मजुरी मागायला संकोचू नये. पैसे घासण्याचे नसतात, कुठे घासायचे ते ओळखण्याचे असतात. हाताखालच्या पोरालाही पक्कड देण्याआधी मीटर धरायला शिकवावे.