पुरवणीचे मोल

वेरूळला, राष्ट्रकूट नृपती पहिल्या कृष्णाच्या काळात, आठव्या शतकात, एकाच कातळातून वरून खाली कोरीत आणलेल्या कैलासाच्या उत्तर बाजूस लंकेश्वर लेणे आहे. ते मागाहून खोदले गेले असे अभ्यासक मानतात, परंतु त्यातील शिल्पवैभव मूळ मंदिराला शोभेल असेच आहे. व्हिडिओ गेमची विकत मिळणारी पुरवणी, म्हणजे डीएलसी, याच कसोटीवर घासून पाहावी. तिच्यात इंजिन, पात्रे आणि पुष्कळसे चित्रभांडार मूळ गेमचेच वापरता येत असल्यामुळे निर्मात्याचा खर्च वाचतो, आणि म्हणूनच आपल्या पदरात नवे काय पडते याचा तपशीलवार हिशेब ग्राहकाने मागणे सर्वथा रास्त आहे. २००६ साली ‘ऑब्लिव्हियन’ या गेमने निव्वळ घोड्याच्या चिलखताचे पैसे घेतले, तो व्यवहार मला आजही गैरवाजवी वाटतो. उलट ‘विचर ३’च्या ‘ब्लड अँड वाइन’ने तूसाँ नावाचा अख्खा नवा मुलूख खुला केला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तर ‘राजी’ची सुधारित आवृत्ती, हिंदी संवादांसह, २०२२ साली जुन्या ग्राहकांना विनामूल्य दिली. खरेदीची घाई मात्र नको: ‘ब्लड अँड वाइन’ मे २०१६ अखेर आली, आणि त्याच ऑगस्टात मूळ गेम दोन्ही मोठ्या पुरवण्यांसह एकत्र विक्रीस आला.