दार लावून विचारलेले पाच प्रश्न

अमेरिकेतील ज्या माजी सैनिक रुग्णालयात मी परिचारिकेचे काम करीत आले आहे, तेथील स्त्री-विभागात, नाडी पाहण्याच्याही आधी, सोबत आलेल्या नवऱ्याला काहीतरी सौजन्याचे निमित्त सांगून बाहेरच्या बाकावर बसवणे आणि दार लावून घेणे, येथून कामाला आरंभ होतो. वजन आणि रक्तदाब घ्यायचा आहे, एवढे निमित्त बहुधा पुरते. परंतु एखादा गृहस्थ जागचा हलत नाही, आणि मग त्याचे न हलणे मनाशी नोंदवून आम्ही त्या दिवशी घरातील छळाचा विषयच काढीत नाही.

प्रश्न पाच आहेत : गेल्या वर्षभरात जोडीदाराने मारहाण किती वेळा केली, पाणउतारा किती वेळा केला, धमकी किती वेळा दिली, आरडाओरड वा शिवीगाळ किती वेळा झाली, आणि शरीरसंबंधाची बळजबरी किती वेळा झाली. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण. म्हणजे पाचही वेळा 'कधीच नाही' म्हणणारीचे गुणही ५ भरतात, आणि बेरीज ७ झाली की त्या कामावर नेमलेल्या समाजसेविकेला बोलावायचे. दोनच गुणांचे हे अंतर प्रथम मला फार तोकडे वाटले होते. पण तक्रार करणारा तो दुबळा, अशी शिकवण जिने पलटणीत घेतलेली असते, ती 'क्वचित' म्हणते तेव्हा तो शब्द पुष्कळ तोलून उच्चारलेला असतो, हे कळायला मला वर्ष लागले.

ह्याच खोलीत फौजेतील लैंगिक अत्याचाराविषयीही विचारतात, आणि सुमारे तीनातील एक स्त्री 'होय' म्हणते. सातारा जिल्ह्यातील फौजी घराण्यात वाढलेल्या मला खरे नवल वाटले ते ह्यापुढील व्यवहाराचे. आमच्या आजीला आजोबांमागे निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागे. कचेरीत समक्ष उभी असलेली म्हातारी जिवंत आहे, हे कागदाने शाबीत व्हावे लागे! येथे मात्र अशा अत्याचारानंतरचे, १९९२ च्या कायद्याने आरंभ झालेले उपचार विनामूल्य आहेत, आणि तेव्हा फिर्याद दिली होती काय, पुरावा आहे काय, असे कोणी विचारीत नाही. नुकसानभरपाईचा दावा लावायचा तर मात्र दफ्तर उघडावे लागते. तरी तेथेही थेट साक्षीच्या अभावी, अचानक मागितलेली बदली, एकाएकी घसरलेले कामाचे शेरे, त्या दिवसांत मैत्रिणीला लिहिलेले पत्र, ह्या खुणा ग्राह्य धरल्या जातात.

गेल्या हिवाळ्यात एक बाई आल्या. खिडकीवरच्या कारकुनाने सवयीने त्यांच्याजवळ नवऱ्याचा क्रमांक मागितला होता. फौजेतली चौदा वर्षे त्यांची स्वतःची होती. गुण ११ भरले. माहितीपत्रक त्यांनी वाचून परत दिले, कारण घरी पर्स तपासली जाई; आणि उठताना, पुढच्या खेपेस कोणते कागद आणू, असे विचारले. काहीच नको, असे मी सांगितले.

तरीही त्यांनी सेवामुक्तीचा मूळ दाखला आणला, दाखवण्यासाठी नव्हे, तर तो घरात राहू नये म्हणून. समाजसेविकेने त्याची नक्कल काढली, आणि बहिणीचे गाव किती मैलांवर आहे, तिच्याकडे कागद कोणत्या वारी पोचवता येईल, ह्याचा हिशेब करीत त्या दोघी दुपारपर्यंत बसल्या होत्या.