करार अमेरिकेविना, पैसा मात्र वॉशिंग्टनहून

जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: अमेरिका त्यात नाहीच, मग ती पैसे कशाला देईल? यातला पहिला भाग खरा आहे. 1992 साली रिओमध्ये करार सह्यांसाठी खुला झाला, तेव्हा थोरल्या बुश यांनी सही करायला नकार दिला. पुढच्याच वर्षी बिल क्लिंटन यांनी सही केली, पण सिनेटची मंजुरी आजतागायत मिळालेली नाही.

दुसरा भाग मात्र चुकीचा. या कराराखाली विकसनशील देशांना मिळणारा निधी प्रामुख्याने ‘जीईएफ’ या संस्थेमार्फत जातो. तिचं कार्यालय वॉशिंग्टनमध्ये आहे आणि अमेरिका सुरुवातीपासून तिच्या मोठ्या देणगीदारांपैकी एक राहिली आहे. निधीचे निर्णय घेणाऱ्या मंडळातही अमेरिकेला जागा आहे.

त्या निधीतले सुमारे 34 लाख डॉलर सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासाठी आले. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि महाराष्ट्राचा कांदळवन कक्ष यांनी मिळून गेल्या दशकात तिथे प्रकल्प राबवला. खेकडापालन आणि कालवांची शेती सुरू झाली. वेंगुर्ल्यात बचतगटाच्या बाया पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवू लागल्या. ट्रॉलरसाठी चौकोनी आसाची जाळी आली: नेहमीचे आस ओढताना आवळतात, हे उघडे राहतात आणि बारकी मासळी निसटून जाते. असा पैसा कागदावरच जिरतो म्हणणाऱ्यांनी हा किनारा जरूर पाहावा.

हे दान आहे, हाही गैरसमजच. जीईएफच्या मंडळातल्या 32 जागांपैकी 16 विकसनशील देशांच्या गटांकडे आहेत आणि भारत या निधीतून पैसा घेतो तसा त्यात भरही घालतो.

अमेरिकी मदत म्हणजे डॉलर, असंही सरसकट म्हणता येत नाही. पीएल-480 या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली आलेल्या गव्हाचे पैसे भारताने रुपयांत चुकवले आणि त्यातले बरेच रुपये अमेरिकेच्या खात्यात भारतातच राहिले. अशा रुपयांतून अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने भारतातल्या वन्यजीव संशोधनाला हात दिला. याच सेवेच्या पाठबळावर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1980 ते 1990 भरतपूरच्या पाणथळीचा अभ्यास केला. तो चालू असतानाच, 1982 मध्ये, तिथे गुराढोरांची चराई बंद झाली. पक्ष्यांचं भलं होईल अशी अपेक्षा होती. पण म्हशींची चराई थांबल्यावर गवताने पाणी व्यापलं आणि पाणपक्ष्यांची मोकळी जागा आक्रसली, हे या अभ्यासाने दाखवलं. दहा वर्षं टिकून राहिलेला निधी नसता तर हे उमगणं कठीण होतं. संवर्धनाला मोठ्या रकमेइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, सातत्याची गरज असते ती अशी.

म्हणूनच 2025 चा धक्का मोठा आहे. परदेशांतल्या संवर्धनावर मोठा खर्च करणाऱ्या यूएसएड या अमेरिकी मदतसंस्थेचं काम त्या वर्षी जुलैपासून संपुष्टात आलं आणि अनेक देशांतले प्रकल्प अर्ध्यावर थांबले. मात्र अमेरिकेची सगळी मदत एकाच दारातून बाहेर पडत होती, असं नाही. गेंडा आणि वाघ यांच्यासाठी 1994 चा, आशियाई हत्तींसाठी 1997 चा असे स्वतंत्र कायदे आहेत. त्यांखालचं अनुदान मत्स्य व वन्यजीव सेवा देते, आणि त्यासाठी किती पैसा द्यायचा हे दर वर्षी अमेरिकी काँग्रेस ठरवते.